जुन्या इंजिनाची साक्ष

आयुर्वेदातील अष्टविध परीक्षेत नाडी, जिव्हा, स्पर्श यांच्या जोडीला ‘शब्द’ हेही एक अंग सांगितले आहे. रोग्याच्या आवाजावरून वैद्याने त्याच्या प्रकृतीविषयी काही ताडावे, अशी तेथे अपेक्षा आहे. पश्चिमेकडे १८१६ साली लेनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीस लावली आणि तीतूनच पुढे स्टेथॉस्कोप जन्माला आला. मोटारीचे इंजिन प्रचारात आले तेव्हा त्याच्या वैद्यानेही हीच जुनी वाट धरली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही मिस्त्री लोकांची रीत आज शंभर वर्षांनंतरही चालू आहे. लोखंडाच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पण ते कानाला कळू शकते, या विश्वासावर ही सारी विद्या उभी आहे.

या विद्येची खरी कसोटी लागते ती जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून, उघडून, नव्याने बांधल्यावर. अनेक महिन्यांचे काम झालेले असते. मालकाचा पैसा खर्ची पडलेला असतो. तेल भरले जाते, पाणी भरले जाते, हँडल फिरते आणि इंजिन धडधडत जिवंत होते. क्षणभर सर्वांचे चेहरे उजळतात. आणि मग त्या धडधडीतून एक वेगळाच ठोका ऐकू येऊ लागतो. इंजिन उघडण्यापूर्वी तो नव्हता. आता तो आहे. तो कोठून येतो, त्याचा अर्थ काय, आणि तसेच इंजिन चालू ठेवावे की त्याच क्षणी बंद करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या वेळी द्यावी लागतात. उत्तर चुकले तर जो भाग जगात आता कोठेही तयार होत नाही, तोच कायमचा निकामी होण्याची भीती असते.

बंगळूर शहराच्या पश्चिम भागात, मल्लेश्वरमच्या पलीकडे, राजाजीनगर आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे १९४८ ते १९५० या काळात भारताचे गव्हर्नर-जनरल होते. त्यांचे जनतेच्या तोंडी रुळलेले नाव या वसाहतीला मिळाले. कारखाने आणि कामगारांची घरे एकमेकांजवळ असावीत, या विचाराने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच हे औद्योगिक उपनगर आखण्यात आले. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान यंत्रशाळा वाढतात, तसे येथेही झाले. १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना निघाला होता. १९५१ साली मायको कंपनी स्थापन झाली आणि तिचे स्पार्कप्लग देशभरच्या मिस्त्रींच्या हातात गेले. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा आरंभ झाला. हजारांश इंचाची भाषा बोलणारा कारागीर या शहरात घडला, त्याला ही अशी पार्श्वभूमी आहे.

राजाजीनगरच्या या इतिहासात एक धागा मराठी आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुरुस्तीचे दुकान काढले. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतांत पोचला. त्याच घराण्याने १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला, आणि १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापिली. या कंपनीचे ठाणे म्हणजे राजाजीनगरचेच औद्योगिक उपनगर. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. परंतु तेथे घडलेले लेथ लहानमोठ्या यंत्रशाळांतून दीर्घ काळ फिरत राहिले. सायकलीच्या दुकानातून निघालेली दुरुस्तीची परंपरा अशा रीतीने जुन्या मोटारींच्या इंजिनांपर्यंत येऊन पोचते.

आता एक मोटार डोळ्यांपुढे आणावी. ती १९२९ सालची शेव्हरले आहे. या सालापासून शेव्हरले कंपनीने आपल्या स्वस्त मोटारीत चारऐवजी सहा सिलिंडरांचे इंजिन बसविण्यास आरंभ केला. सहा सिलिंडर, डोक्यावर बारा झडपा, ओतीव लोखंडाचे पिस्टन आणि क्रँकला तीनच मुख्य बेअरिंगे, अशी त्याची साधी व दणकट रचना होती. जनरल मोटर्स कंपनीने मुंबईस शिवडी येथे १९२८ साली मोटारींची जुळणी सुरू केली होती. पेट्यांतून आलेले भाग तेथे जोडले जात आणि तयार गाड्या देशभर जात. संस्थानिकांच्या रोल्सरॉइस गाड्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे; परंतु वकील, डॉक्टर, मळेवाले आणि सर्व्हिस मोटारींचे चालक यांना मोटारयुगात आणले ते अशा साध्या गाड्यांनी.

या गाड्या येथे जोडल्या जात, पण येथे घडत नसत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे उणे फार जाणवत होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांचे स्थापत्यशिक्षण झाले होते आणि मुंबई इलाख्यात त्यांनी नोकरीची पहिली वर्षे घालविली होती. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा प्रवास करून त्यांनी भारतीय मोटारकारखान्याची योजना तयार केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. परकीय सरकारने त्या योजनेस साहाय्य केले नाही. वालचंदांचा विमानांचा कारखाना बंगळुरात निघाला. मोटारींचा कारखाना मात्र १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने स्थापन होऊन कुर्ल्यास उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरला, तेव्हा केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला.

धोरण म्हणून ते योग्य होते की नव्हते, हा वेगळा विचार आहे. जुन्या मोटारींच्या दृष्टीने त्याचा परिणाम एकच झाला. मूळ सुटे भाग मिळेनासे झाले. मग भारतीय मिस्त्रीने आपले मार्ग शोधले. झिजलेल्या बेअरिंगात तो नवी धातू ओती, एका गाडीचा पिस्टन दुसरीत बसवी, ट्रकची झडप लेथवर घासून मोटारीला चालवी. या कारागिरीमुळे हजारो गाड्या धावत राहिल्या. परंतु त्याने काय केले, किती माप ठेवले, कोणता भाग कोठून आणला, याची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. म्हणून आज असे इंजिन उघडले की त्यात एक इतिहास थरांथरांनी साचलेला आढळतो. मूळ कारखान्याचा थर, पहिल्या दुरुस्तीचा थर, टंचाईच्या काळातील तडजोडींचा थर, आणि त्यांवर आजच्या पुनर्बांधणीचा थर. नवा आवाज यांपैकी कोणत्या थरातून येतो, हे शोधणे म्हणजेच निदान.

आवाजाविषयीची माणसाची अपेक्षाही इतिहासाने घडविली आहे. आरंभीच्या मोटारी इतक्या गोंगाटी असत की घोडे बुजत. १९०७ साली रोल्सरॉइस कंपनीच्या एका गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असे नाव दिले गेले. ती भुतासारखी चाहूल न देता येते, हा त्यातील अभिमान. त्याच सुमारास अमेरिकेतील चार्ल्स नाइट हा वृत्तपत्रव्यवसायी गृहस्थ आपल्या मोटारीच्या झडपांच्या टकटकीने इतका त्रासला की त्याने झडपाच काढून टाकल्या आणि सरकत्या नळ्यांचे नवे इंजिन रचले. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९०८-०९ मध्ये ते स्वीकारले. इंजिन खरोखरच शांत झाले. परंतु ते तेल फार खाई आणि मागे निळसर धूर सोडी. १९३० साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या गाडीत तेलाच्या दाबाने झडपांमधील मोकळीक आपोआप भरून काढण्याची युक्ती आली. अशा रीतीने शांतता ही श्रीमंतीची खूण ठरली, आणि आवाज म्हणजे दोष हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. जुन्या इंजिनाच्या बाबतीत हेच समीकरण दिशाभूल करते.

कारण इंजिन मोकळ्या जागेवाचून चालूच शकत नाही. फिरणारा दांडा आणि त्याला धरणारे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा मावेल इतके अंतर लागते. दांड्याच्या व्यासाच्या दर इंचामागे सुमारे एक हजारांश इंच, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. दोन इंचांच्या दांड्याला दोन हजारांश इंच मोकळीक म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. १८३९ साली आयझॅक बॅबिट या अमेरिकनाने कथील, अँटिमनी व तांबे यांची मऊ मिश्रधातू बेअरिंगासाठी योजिली. मिस्त्री तिला व्हाइट मेटल म्हणतात. ती मऊ असल्याने पोलादी दांड्याला जपते, बारीक कचरा आपल्या पोटात रुतवून घेते. पण सुमारे अडीचशे अंश उष्णतेला ती वितळू लागते. मोकळीक जास्त झाली तर दांडा तिच्यात आपटतो आणि ठोका ऐकू येतो. मोकळीक कमी झाली तर आवाज मुळीच येत नाही. तेलाला जागा उरत नाही, धातू तापते आणि वितळून वाहते. म्हणजे प्रत्येक यांत्रिक आवाज हा मोकळ्या जागेचा हिशेब असतो, आणि तो हिशेब दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

निदानाचा आरंभ पाना हातात घेऊन होत नाही. तो प्रश्नांनी होतो. आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर? भार पडल्यावर येतो, की पाय उचलल्यावर? इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो, की गाडीच्या वेगाबरोबर? वैद्य रोग्याला आधी विचारतो आणि मग हात लावतो, तसाच हा क्रम आहे. पहिले काम म्हणजे बाहेरच्या संशयितांना वगळणे. पंख्याचा पट्टा काढून अगदी थोडा वेळ इंजिन चालविले आणि आवाज थांबला, तर दोष डायनामो, पंखा किंवा पाण्याचा पंप यांत आहे. क्लचचा पेडल दाबल्याने आवाज बदलला, तर क्लचच्या बेअरिंगाकडे, किंवा क्रँकच्या पुढेमागे सरकण्याच्या मोकळिकीकडे पाहावे. धुराच्या नळीचे पॅकिंग नीट बसले नसेल तर तेथून निसटणारा वायू थेट झडपेसारखी टिकटिक करतो, आणि धातू तापून प्रसरण पावली की गप्प होतो. या एका फसवणुकीपायी कित्येक इंजिने विनाकारण उघडली गेली असतील.

दुसरे साधन म्हणजे मोजणी. चार आघातांच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा झडपांचा दांडा एकदा फिरतो. संथ चालणाऱ्या इंजिनाचे मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर क्रँक सेकंदाला दहादा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला पाचदा उघडते. बारा झडपांच्या मिळून साठ टिकटिकी होतात आणि त्यांची एकजीव गुणगुण बनते. तीतून एकच टिकटिक वेगळी, संथ लयीत ऐकू आली, तर एखादी झडप सैल आहे असे समजावे. त्या झडपेच्या फटीत पातळ पट्टी सरकवताच आवाज थांबला, की आरोपी सापडला. याउलट जड, खोलवरचा, क्रँकच्या लयीला धरून येणारा ठोका असेल, तर वर न पाहता खाली पाहावे.

तिसरे साधन अधिक चतुर आहे. एकेका सिलिंडराचा स्पार्कप्लग क्रमाने निष्प्रभ करायचा आणि ऐकायचे. ज्या सिलिंडराचा स्फोट बंद करताच ठोका मंदावतो, त्याच्याच पिस्टनात, गजन पिनेत किंवा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगात दोष आहे; कारण स्फोटाचा भार तेथेच पडत होता. मुख्य बेअरिंगाचा आवाज भारदस्त, धप्प धप्प असा. तो जोर लावल्यावर वाढतो. रॉडच्या बेअरिंगाचा आवाज अधिक कडक. पाय उचलताक्षणी तो खडखडून उठतो. गजन पिनेचा ठोका दुहेरी व किणकिणता. टायमिंगच्या दंतचक्रांचा आवाज पुढच्या बाजूस, घरघरीचा. त्या काळी पुष्कळ इंजिनांत आवाज कमी व्हावा म्हणून त्यांपैकी एक चक्र दाबलेल्या तंतुमय द्रव्याचे असे; त्याच्या जागी धातूचे चक्र बसविले की ते घरघरणारच. तो दोष नव्हे, बदल आहे.

आवाजाचे निदान चुकले म्हणजे निरपराधाला कसा दंड होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण मोटारीच्या इतिहासात आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था आणि विजेचा स्टार्टर प्रचारात आणला. त्याच काळात इंजिनांतून धातूवर हातोडी पडावी तसा किणकिणता ठोका ऐकू येऊ लागला, आणि टीकाकारांनी त्याचे खापर केटरिंगच्या ठिणगीवर फोडले. केटरिंगने १९१६ साली थॉमस मिडग्ली या तरुण सहकाऱ्यास त्या ठोक्याच्या मागावर लावले. सिलिंडरातील दाब प्रत्यक्ष नोंदविल्यावर असे दिसले की ठोका ठिणगीच्या आधी होत नाही. तो ठिणगीनंतर होतो. न जळलेले उरलेसुरले मिश्रण एकदम भडकते, त्याचा तो धक्का होता. दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता.

निदान अचूक होते. उपचार मात्र घातक निघाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी मिडग्लीला असे आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अल्प प्रमाणात मिसळले तरी ठोका बंद होतो. १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि इंजिनाचा आवाज थांबविण्यासाठी माणसाने शहरांच्या हवेत विष सोडले. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातून ते २०२१ साली, अल्जीरिया या शेवटच्या देशाने सोडल्यावर गेले. एक आवाज बंद करण्याची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षे भरली.

आपल्या शेव्हरलेला या इतिहासाचा एक उपयोग आहे. १९२९ च्या तिच्या इंजिनात मिश्रण पाचास एक एवढेच दाबले जाते, आणि आजचे साधे पेट्रोलही त्या काळच्या पेट्रोलाहून ठोक्याला पुष्कळ अधिक दाद न देणारे आहे. तेव्हा चढावर तिच्यातून किणकिण ऐकू आली तर पेट्रोलाला बोल लावण्यात अर्थ नाही. बांधणी करताना ठिणगीची वेळ फार पुढे बसली आहे काय, हे आधी पाहावे.

आणि येथेच निदानाचे मुख्य सूत्र येते. जुनेपणाने आलेला आवाज हळूहळू वाढत येतो. पुनर्बांधणीनंतर एकाएकी आलेला आवाज बहुधा जुनेपणाचा नसतो. तो शेवटच्या हाताचा असतो. म्हणून इतिहासकाराप्रमाणे क्रमवार विचारावे, शेवटी काय बदलले? याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. सिलिंडरात पिस्टनची वरची रिंग वर्षानुवर्षे एका ठरावीक उंचीपर्यंतच घासत जाते. त्या उंचीच्या वर न झिजलेल्या लोखंडाची एक बारीक कड उरते. जुन्या रिंगेचे काठही त्या कडेप्रमाणे गोलसर झिजलेले असतात, म्हणून दोघांचे जमते. मग कोणी सिलिंडर बोअर न करता नव्या, काटकोनी काठाच्या रिंगा बसवितो; किंवा रॉडच्या बेअरिंगात नवी धातू ओतल्याने पिस्टन पूर्वीपेक्षा केसभर उंच जातो. नवी रिंग त्या कडेवर प्रत्येक फेरीला आपटते आणि स्पष्ट टक टक ऐकू येते. इंजिनात बसविलेला प्रत्येक भाग निर्दोष असतो. दोष असतो तो नव्या-जुन्याच्या संबंधात. कड वेळीच कापली नाही, तर रिंग किंवा तिला धरणारा पिस्टनचा कठडा तुटतो.

दुसरे उदाहरण पिस्टनच्या धातूचे. मूळ पिस्टन ओतीव लोखंडाचे होते. तसे आता मिळत नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमचे बसविले जातात. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. तेव्हा तापल्यावर ते सिलिंडरात अडकू नयेत, म्हणून थंड असताना त्यांना अधिक मोकळीक द्यावी लागते. परिणामी सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू करताच पिस्टन कुशी बदलताना सिलिंडराच्या भिंतीवर थपडा मारतो. हा पोकळ ठकठकाट ऐकून मालक हादरतो, कारण रॉडचे बेअरिंग गेले असता जो आवाज येतो त्याच्याशी याचे साम्य आहे. प्लग निष्प्रभ केल्यावर दोन्ही मंदावतात. मग भेद कसा करावा? इंजिन तापू द्यावे. पिस्टन फुगून फट भरतो आणि त्याचा आवाज मावळतो. बेअरिंगाचा आवाज तेल पातळ झाल्यावर उलट वाढतो. आणखी खात्री हवी असेल तर संशयित सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडावे. थोडा वेळ थपडा थांबल्या, तर तो पिस्टनच होय.

या भेदावर सारे अवलंबून आहे. पिस्टनच्या थपडा असतील तर काही बिघडलेले नाही. गाडी सावकाश तापवावी आणि चालवावी. बेअरिंग असेल तर इंजिन त्याच क्षणी बंद केले पाहिजे. त्यातही या शेव्हरलेत एक अडचण अशी की रॉडच्या बेअरिंगांना पंपाच्या दाबाने तेल मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या तळाशी एक लहानसा चमचा असतो. तो खालच्या पन्हळीतील तेलात बुडून तेल वर उडवितो. पुनर्बांधणीत तो चमचा उलट्या तोंडाने बसला, किंवा एका रॉडची टोपी दुसऱ्याला लागली, तर बेअरिंग उपाशी राहते. आणि समोरच्या तबकडीवरील तेलाचा काटा ते सांगत नाही. तेथे कानाखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

अशा साक्षीदाराचे तोंड बंद करण्याचा मोह मोठा असतो. दाट तेल घातले की ठोका दबतो. टोपीखालची पातळ पट्टी, म्हणजे शिम, काढून बेअरिंग आवळले की तो थांबतो. झडपांची फट कमी केली की टिकटिक नाहीशी होते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. पण आवळलेले बेअरिंग वितळते. फट न उरलेली झडप तापल्यावर लांबते, पूर्ण मिटत नाही, आणि धगीने तिची कडा जळते. जुने मिस्त्री शिकाऊ मुलाला बजावतात की झडप थोडी बोलली पाहिजे. १९२९ च्या इंजिनाला आजच्या मोटारीची शांतता मागणे, हे वृद्धाला तरुणाच्या चालीने चालावयास लावण्यासारखे आहे. त्याच्या आवाजांपैकी कोणता स्वभाव आणि कोणता विकार, हे ओळखता येणे हीच खरी विद्या.

ही विद्या टिकविण्याला आता कायद्यानेही महत्त्व आले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत बदल करून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, शरीर व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पूर्वी बिघडलेले इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे, पुष्कळदा डिझेलचे, बसविणे हा सर्रास उपाय होता. आता त्या उपायाने गाडी आपली ओळखच गमावून बसते. मूळ क्रँक गेला तर दुसरा मिळणे दुर्घट. मूळ ब्लॉक फुटला तर त्याहूनही दुर्घट. चुकीच्या निदानाने गमावण्यासारखे पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

आणि निदान करणारे कमी होत चालले आहेत. राजाजीनगरातील जुन्या कारखान्यांच्या कित्येक जागांवर घरे व बाजार उभे राहिले. उद्योगांचा मोठा भाग पीण्यासारख्या नव्या औद्योगिक वसाहतींकडे सरकला. नव्या मोटारीचा दोष संगणक सांगतो, त्यामुळे नव्या मिस्त्रीला ऐकण्याची सवय लागण्याचे कारण उरलेले नाही. जुन्या मिस्त्रीचे कान तयार झाले ते लेथ आणि घणांच्या गोंगाटात. तोच गोंगाट उतारवयात त्या कानांची श्रवणशक्ती हिरावून घेतो.

यावर एक साधा उपाय हाताशी आहे, आणि मागच्या पिढ्यांनी तोच टाळला. इंजिन बांधताना प्रत्येक दांड्याचे माप, प्रत्येक बेअरिंगाची मोकळीक, पिस्टन कोणत्या धातूचे व कोठून आणलेले, किती शिमा राहिल्या, ठिणगीची वेळ कोठे ठेवली, हे सारे एका वहीत तारीखवार लिहावे. पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर कोणता आवाज कधी आला आणि कशाने गेला, तेही लिहावे. ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. तीस वर्षांनी दुसरा कोणी मिस्त्री ते इंजिन पुन्हा उघडील, तेव्हा त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. सकाळच्या थंड हवेत इंजिन ठकठकू लागले, तर तो वही उघडून पाहील, पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत हे वाचील, आणि पाना खाली ठेवून इंजिन तापण्याची वाट पाहील.